साडूंचं लाल कुलूप

जगातलं कुठलंही बंद पडलेलं यंत्र आमचे साडू चालू करू शकतात, आणि सुरळीत चालू असलेलं कुठलंही काम बंद पाडू शकतात. या दोन्ही बाबतींत त्यांचा हात धरणारा माणूस मोशीपासून तळेगावपर्यंत सापडायचा नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी सगळं आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काढलं आणि दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्याचाच मला पगार मिळत असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला रावेतला, नोकरी चाकणला, मेंटेनन्समध्ये. दोन माणसांच्या उंचीची प्रेस अडून बसली, बाहेरून आलेल्या इंजिनिअरांनी हात टेकले, की साडूंना बोलावतात. ते तिच्या अंगाला कान लावतात, डोळे मिटतात, "हिचं दुखणं इथं नाही, खाली आहे" म्हणतात, आणि चहा थंड व्हायच्या आत ती धडधडायला लागते. त्याच माणसाला घरी गॅसवर दूध ठेवून पाच मिनिटं समोर उभं राहायला सांगा. दूध उतू जाईल, पातेलं करपेल आणि साडू सोसायटीच्या लिफ्टच्या छतावर सापडतील, कारण दूध तापता तापता त्यांना लिफ्टची कुरकुर ऐकू आलेली असेल.

त्यांच्या लग्नातच आम्हांला याची चुणूक मिळाली होती. मुहूर्ताची वेळ झाली, अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा खाकरला, नवरी हार घेऊन उभी, आणि नवरदेव जागेवर नाहीत! शोधाशोध झाली तेव्हा ते कार्यालयाच्या मागे मुंडावळ्या कानामागे सारून जनरेटरपाशी उकिडवे बसलेले होते. "बेल्ट सैल होता. ऐन मंगलाष्टकात लाइट गेली असती," हे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितलं की सासऱ्यांना रागावताही येईना. मुहूर्त टळला तो टळलाच. जनरेटर मात्र अजून तसाच चालतो म्हणे. सासरेबुवांनी त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेवर मी पुढची कितीतरी वर्षं थोरल्या जावयाचा तोरा मिरवला.

त्यांच्या घरी गेलं की आरंभशूर या शब्दाचा अर्थ भिंतीवर लिहिलेला दिसतो. हॉलची एक भिंत मोरपिशी, उरलेल्या तीन पांढऱ्या. बाल्कनीत ठिबक सिंचनाच्या नळ्या, पण कुंड्या आणायच्या राहिलेल्या. माळ्यावर हार्मोनियम, जपानी भाषेची पुस्तकं, मधमाश्या पाळायची पेटी. एक ना धड भाराभर चिंध्या! बरं, आळशी म्हणावं तर माणूस पहाटेपासून पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत असतो. शेजाऱ्याचा मिक्सर, वॉचमनची सायकल, देवळाचा भोंगा, सगळ्या लष्कराच्या भाकऱ्या हे भाजणार आणि घरातला गीझर थंड! मेहुणी शाळेत गणित शिकवते. ती एकदा मला म्हणाली, "भाऊजी, यांच्याशी संसार म्हणजे गणित सोडवायला घ्यायचं आणि अर्ध्यावर कुणीतरी फळा पुसून जायचं." ती हसत म्हणाली, आणि आंघोळीचं पाणी गॅसवर ठेवायला आत गेली.

बोलण्यातही तेच. "दादा, काल काय झालं माहितीये का" अशी सुरुवात झाली की काल काय झालं हे कधीही कळत नसे. गोष्ट नाशिक फाट्यावर सुरू व्हायची, वाटेत कुणाच्या तरी मोटारीचा आवाज लागायचा, तिथून बेअरिंग, बेअरिंगवरून स्वीडन, स्वीडनवरून थंडी, थंडीवरून हुरडा. शेवटी तेच मला विचारत, "मी काय सांगत होतो?" मला नेमकं ठाऊक असायचं, आणि मी ते सांगत नसे. घरगुती उपाय भरपूर झाले होते. सासूबाईंनी भिजवलेले बदाम दिले, कुणी ब्राह्मीचं तेल दिलं. एका हितचिंतकानं त्यांना मौनाच्या शिबिराला धाडलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे, सगळे डोळे मिटून बसलेले असताना, साडूंना पाण्याच्या पंपाचा घरघराट ऐकू आला. त्यांनी पंप खोलला, दुरुस्त केला, आणि तो पुन्हा बिघडू नये म्हणून काय काळजी घ्यावी हे माळीबुवांना खणखणीत आवाजात समजावून सांगितलं. शिबिराच्या लोकांनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत. त्या संध्याकाळी पिंपळे गुरवला आमच्या घरी आमरस-पुरीचा बेत होता. साडू कंपनीतून थोडे लवकर निघून आले होते, रंगात होते, तिसरी वाटी चालू होती. इतक्यात मेहुणीचा फोन वाजला. तिनं ऐकलं, तिचा चेहरा विचित्र झाला, आणि फोनवर हात ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही मशीनच्या आत आहात का म्हणून विचारतायत."

आम्ही हसलो. साडू हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक छोटी चावी ताटाशेजारी ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं सगळी कंपनी वळसा घालत होती आणि कळसा आमरस खात होता.

आता यातली मेख सांगायला हवी. मेंटेनन्सचा माणूस मशीनच्या पोटात शिरतो तेव्हा बाहेर कुणी चुकून बटण दाबलं तर त्याचा चेंदामेंदा होईल. म्हणून आत जाण्याआधी तो मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो. त्यावर त्याचा फोटो असतो आणि चावी त्याच्या खिशात. ते कुलूप दुसऱ्या कुणीही काढायचं नाही, अगदी मालकानंही नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, असा त्याचा अर्थ. काम झालं की ते भिंतीवरच्या आपापल्या खुंटीला परत टांगायचं. साडूंनी दुपारी प्रेस दुरुस्त केली, बाहेर आले, तेवढ्यात त्यांना कंप्रेसरची शिट्टी ऐकू आली, तिकडे गेले, तिथून आमरस आठवला, आणि थेट पिंपळे गुरव. दुसऱ्या शिफ्टनं बघितलं तर प्रेसला साडूंचं कुलूप. त्यांनी साडूंना फोन लावला. फोन प्रेसच्या आतून वाजला.

आम्ही दोघं माझ्या गाडीतून चाकणला निघालो. भोसरी, मोशी, पुढे ट्रकांची रांग. एरवी त्या रस्त्यावर साडू प्रत्येक ट्रकच्या इंजिनाचं निदान करत जातात. त्या दिवशी त्यांनी एकाही ट्रककडे कान दिला नाही. गेटवर त्यांचा फोरमन उभा होता, खेडकडचा दांडगा गडी, कपडे ग्रीसनं माखलेले. तो धावत आला, त्यानं साडूंची कॉलर धरली आणि मला वाटलं आता मारतो. त्यानं मिठीच मारली. "आरं भावा, फोन आतनं वाजतोय आन् तू वो देत न्हाईस! मी पोटावर सरपटत आत गेलो ना रं. हात लावीन तिथं तूच घावशील असं वाटत व्हतं." साडूंच्या हातातली चावी खाली पडली. मीच ती उचलली.

लाइन थांबली, माल उशिरा गेला, त्याबद्दल साहेब फारसे बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तुमच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. पण ज्या कुलपावर विश्वास ठेवता येत नाही, ते कुलूप मी भिंतीवर ठेवू शकत नाही." साडूंचं लाल कुलूप काढून घेतलं गेलं. सहा महिने टेबलावर बसायचं, सुट्या भागांचा हिशेब संगणकात भरायचा, कंपनीच्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, आणि मग बघू. परतताना साडू म्हणाले, "दादा, कुलूप नसलं की मला मशीनला हात लावता येणार नाही. मग मी कोण? नुसता कारकून." जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक विषय सुरू करून तिथल्या तिथे संपवला होता. मला ते अजिबात आवडलं नाही.

चिंचवडच्या डॉक्टरबाईंकडे मी सोबत गेलो. म्हणजे जायचं होतं मंगळवारी, साडू सोमवारीच जाऊन बसले, आणि मंगळवारी विसरले. पण शेवटी गेलो. बाईंनी घाई केली नाही. लहानपणापासूनचं सगळं विचारलं, शाळेचे जुने शेरे विचारले. ते साडूंना तोंडपाठ होते: हुशार आहे, पण लक्ष नाही. दोन-तीन भेटींनंतर त्या म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. मोठ्या माणसांतही असतं. हा आळस नाही, बेफिकिरी नाही. लक्ष कमी आहे असंही नाही, ते कुठे न्यायचं हे तुमच्या हातात राहत नाही." साडूंनी मेंटेनन्सवाल्याच्या पद्धतीनं विचारलं, "रिपेअर आहे का?" बाई म्हणाल्या, पार्ट बदलून मिळत नाही, पण नीट चालवता येतं. मग त्यांनी मार्ग सांगितले. गोळी आहे, ती त्यांच्या देखरेखीखाली घ्यायची, रक्तदाब आणि झोप बघत. समुपदेशन आहे, त्यात विचारांची आणि सवयींची वळणं बदलायला शिकवतात. कामं कशी तोडून करावीत, वेळ कसा सांभाळावा याचं वेगळं प्रशिक्षण आहे. अशाच माणसांचे गट असतात. नवरा-बायकोनं एकत्र बसून बोलणं आहे. व्यायाम आणि झोप तर हवीच. "तुम्हांला काय मानवतं ते आपण एकेक करून बघू," असं त्या दोनदा म्हणाल्या.

आमच्या साडूंनी एकाच आठवड्यात सगळं सुरू केलं! सप्लायरकडून सॅम्पल मागवावेत तशा त्यांनी थेरप्या मागवल्या. सकाळी पळणं, जेवणाच्या सुट्टीत ऑनलाइन प्रशिक्षण, संध्याकाळी समुपदेशन, शनिवारी निगडीला गट. त्या गटाला मी त्यांना एकदा सोडायला गेलो होतो. वेळेवर फक्त आम्ही दोघं पोचलो होतो, तेही मी सोबत होतो म्हणून. एकजण आधीच येऊन बसला होता, पण तो गेल्या आठवड्याच्या बैठकीला आला होता. मग हळूहळू माणसं जमली, एक बँकेतली बाई, एक आयटीतला मुलगा, एक वकील, आणि सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मी बाहेरून ऐकत होतो. साडूंनी कुलपाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि मधे कुणी हसलं नाही. परतताना ते म्हणाले, "दादा, मला वाटत होतं मी एकटाच नग आहे."

महिन्याभरात अर्थातच निम्मी सॅम्पल बाद झाली. गोळी टिकली. "गोळीनं ब्रेक लागतो दादा, स्टिअरिंग आपल्यालाच धरावं लागतं," असं त्यांचं मत पडलं. मधे एकदा बरं वाटतंय म्हणून त्यांनी ती आपल्या मनानं बंद केली, तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना शाळेतल्या पोरासारखं फैलावर घेतलं. समुपदेशनही टिकलं. तिथली मुलगी तरुण होती, पण पक्की होती. साहेबांनी साडूंना एक काम दिलं होतं: कारखान्यातलं प्रत्येक मशीन सुरक्षितपणे बंद कसं करायचं, कुलूप कुठं लावायचं, हे लिहून काढा. सगळं साडूंच्या डोक्यात होतं, कागदावर एक ओळ उतरत नव्हती. त्यावर ती मुलगी म्हणाली, "घरी काम करताना तुमच्या शेजारी कुणीतरी नुसतं बसू दे. बोलायचं नाही, सुचवायचं नाही, मदत करायची नाही. फक्त बसायचं." घरी हे सांगताच मेहुणीनं हात झटकले. "मी बसले तर बोलणार, आणि मी बोलले की दोघांनाही डॉक्टर लागेल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त होतो.

अशा रीतीनं दर गुरुवारी सकाळी मी रावेतला जाऊन बसू लागलो. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांना, साडूंच्या कंपनीलाही, गुरुवारची सुट्टी, त्यामुळे निवृत्त झालो तरी मला रविवार हा सुट्टीचा वार वाटतच नाही. एका टेबलाशी साडू, शेजारच्या खुर्चीत मी, हातात पेपर. आता कल्पना करा, ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढली त्याला समोर खोटच खोट दिसते आहे आणि तोंड उघडायची बंदी! साडू पेनाचं टोपण चावायचे, मधेच पंख्याकडे बघायचे, एक ओळ लिहून तीनदा खोडायचे. माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते. मला एकाच वाक्याची परवानगी होती. ते उठून विचारायचे, "दादा, कंटाळलात का?" मी म्हणायचं, "तुमचं चालू द्या." आणि गंमत म्हणजे ते चालायचं! पान भरायला लागलं. पहिली प्रेस झाली, मग दुसरी.

एका गुरुवारी मात्र कहर झाला. ते पाणी प्यायला म्हणून उठले आणि गायब. माझा पेपर वाचून झाला, कोडं सोडवून झालं, जाहिराती वाचून झाल्या. जेवायच्या वेळेला साडू एका हातात कलिंगड आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी मिक्सर घेऊन हजर! मी काय काय बोलणार होतो ते मनात ओळीनं मांडून ठेवलं होतं. ते दारातच थबकले, मान खाली घातली आणि वाट बघत उभे राहिले. ते इतके सवयीनं उभे राहिले की मला एकदम त्यांची शाळा दिसली. मी म्हटलं, "तुमचं चालू द्या." ते खुर्चीत बसले. एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "दादा, ओरडला का नाहीत?" मी म्हटलं, "मला परवानगी नाही." ते हसले, मग लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाले, "माझ्या शेजारी बसलेलं माणूस न ओरडता उठलेलं मला आठवत नाही." मला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता हे नंतर कळलं.

त्या दुपारीच त्यांना एक युक्ती सुचली. कुलूप घ्यायचं तर आपल्या गाडीची चावी कुलपाच्या खुंटीवर अडकवायची. कुलूप परत आणल्याशिवाय चावी मिळणार नाही, आणि चावीशिवाय घरी जाता येणार नाही. "माझ्या लक्षात राहील याची गॅरंटी मी देत नाही राव. पण गाडी मला आठवण करून देईल." साहेबांना युक्ती पटली. सगळ्या मेंटेनन्सला ती लागू झाली, आणि सहा महिने सरले तेव्हा साडूंचं लाल कुलूप नव्या फोटोसह भिंतीवर परत आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज आनंदानं फुटत होता. "दादा, मी विसरलो! कुलूप मशीनलाच राहिलं! पार्किंगपर्यंत गेलो, खिसे चाचपले, गाडीची चावी नाही! परत गेलो आणि कुलूप काढलं. पद्धत चालली दादा, पद्धत चालली!" विसरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गोळी चालू आहे, समुपदेशन पंधरा दिवसांनी असतं, गट शनिवारी उशिरा का होईना भरतो. हॉलच्या दोन भिंती मोरपिशी झाल्या आहेत. दूध अजून उतू जातं, पण आता गॅसपाशी घंटा लावली आहे. फक्त एक झालं. कारखाना बंद असतो तेव्हाच मोठ्या देखभालीसाठी मशीन उघडायला मिळतात, त्यामुळे कुलूप परत आलं आणि साडूंचे गुरुवार कंपनीत जायला लागले. ज्यासाठी आम्ही सगळे झटलो तेच झालं. बायकोनं साखर वाटली. मीही खाल्ली.

तेव्हापासून गुरुवार उजाडला की मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. परवाच्या गुरुवारी संध्याकाळी मी असाच गॅलरीत बसलो होतो. बायको भजनाला गेली होती. दार वाजलं. साडू, कंपनीतून थेट आलेले, हाताला ग्रीसचा वास. मला वाटलं आता चाकणपासून स्वीडनपर्यंतचा प्रवास सुरू होणार. त्यांनी काही सुरू केलं नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि बसले. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी पंप चांगलाच घरघरत होता. त्यांचा कान तिकडे वळलेला मला दिसला, पण ते जागचे हलले नाहीत.

"काय हो, काही काम होतं का?" मी विचारलं.

"नाही दादा. तुमचं चालू द्या."

माझं काहीच चालू नव्हतं. पण ते त्यांना कसं सांगणार? मी टीपॉयवरचा पेपर उचलला आणि सकाळीच वाचून झालेल्या बातम्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागलो.